यंत्र गेलं, पाटी राहिली

आत्या आणि आईचं पटत नाही, हे सांगायला कुठलीही चाचणी लागत नाही. डोळे उघडे असले की पुरे. आमच्या घराच्या तळमजल्यावर मेणबत्त्यांचा कारखाना आहे आणि त्याची मालकीण आत्या. तिथे ओतकामाची दोन टेबलं आहेत, एकमेकांसमोर. एक आत्याचं, एक आईचं. हातात गरम मेणाची किटली आणि समोर नणंद, अशी चौदा वर्षं आईने काढलीत. लोक म्हणतात, तुझी आई किती सोशिक. अजिबात नाही! तिचे टोमणे मेणाहून गरम असतात, फक्त ती ते जपून ओतते.

त्या शनिवारी आम्हा सगळ्यांना खाली बोलावणं आलं. सगळे म्हणजे आई, बाबा, मी आणि पॅकिंगच्या दोन मावश्या. आत्या तिच्या टेबलामागे उभी होती आणि शेजारी तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकतो, त्यामुळे घरात कोणी शिंकलं तरी त्याची शक्यता सांगतो. मी त्याला दादा म्हणते, नाइलाजाने.

"हॉटेलवाल्याचा फोन आला होता," आत्या म्हणाली. "म्हणतो, तुमच्या मेणबत्त्या पाहुण्यांच्या आधी उठतात. खोक्यावर आठ तास लिहिलंय, जळत नाहीत आठ तास. मी तेव्हाच म्हटलं, हे वहिनीचं काम. हात आखडता घेते ओतताना."

"मी हात आखडता घेत नाही, ताई," आई म्हणाली. "साचा भरला की भरला. त्याला काय चमच्याने भरवायचं?"

"मामी, हे माझं मत नाही," दादा म्हणाला. "मी मोजलंय. तुमच्या सहा मेणबत्त्या जाळल्या. सरासरी चारशे सत्तर मिनिटं आली. आठ तास म्हणजे चारशे ऐंशी. दहा मिनिटं कमी. आणि हा काही योगायोग नाही, मी गणित केलंय."

आता कोणती मेणबत्ती कोणाची हे कसं कळतं, तर बुडावरून. आत्याच्या साच्यांच्या तळाला तारा कोरलाय, आईच्या साच्यांना कडं. आणि सहाच का, तर आत्याचा कडक नियम आहे: विकायची मेणबत्ती पेटवायची नाही. कध्धी नाही. वाढदिवसालासुद्धा आमच्याकडे रंग फसलेली मेणबत्ती लागते. त्या आठवड्यात आईच्या सहाच फसल्या होत्या. रंग फसला होता, बाकी जळायला धडधाकट.

"तेव्हा सोमवारपासून वहिनी पॅकिंगला," आत्या म्हणाली. "ओतायला मी दुसरी बाई बघते."

आईने किटली खाली ठेवली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला माहीत होतं ते काय आहे. पॅकिंगला कमीपणा आहे असं नाही, मावश्या माझ्या लाडक्या आहेत. पण ओतकाम आईचं आहे. मेणाचा वास घेऊन ती सांगते की आता ओतायचं की थांबायचं. ते टेबल गेलं असतं तर त्या घरात आईचं स्वतःचं म्हणून फक्त नाव उरलं असतं, आणि त्या नावाने आत्या तिला हाक मारत नाहीच.

बाबा? बाबा खिशातल्या किल्ल्या वाजवत होते. बहीण एका बाजूला आणि बायको दुसऱ्या, की बाबांना किल्ल्या आठवतात.

मला घरात भोंगा म्हणतात. का ते सांगायला नकोच. पण गेल्या वर्षापर्यंत हा भोंगा फक्त आवाजाचा होता. या वर्षी गणिताच्या बाईंनी आम्हा चौघींना शाळा सुटल्यावर जास्तीचं शिकवायला घेतलं, आणि पहिल्यांदाच असं झालं की मी तोंड उघडल्यावर आत काहीतरी असतं.

"दादा, गणित दाखव," मी म्हटलं.

"तुला कळणार नाही."

"मग दाखवायला काय भीती?"

धाकट्या मावशीला खोकला आला. तो खोकला नव्हता.

दादाने फोन पुढे केला. मी वाचलं. सहा आकडे, सरासरी बरोबर. मग एकदम एक आकडा आला होता: आठ.

"हे आठ काय?"

"फैलाव. प्रमाण विचलन. मेणबत्त्या सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती मिनिटं पुढेमागे होतात ते."

"ते कळतं मला. आणलंस कुठून?"

त्याने नुसतं बोट दाखवलं. भिंतीकडे.

भिंतीवर पितळेची पाटी आहे. पूर्वी तिथे ओतायचं यंत्र होतं, परदेशी, आत्याचा जीव की प्राण. यंत्राच्या कंपनीने मिरवायला पाटी दिली होती: "जळण्यातील फरक केवळ आठ मिनिटे." यंत्र जुनं झालं, विकलं, हाताने ओतकाम सुरू झालं, वातसुद्धा बदलली. पाटी तशीच राहिली. आत्या ती दर आठवड्याला पुसते.

मला इतकं हसू आलं की मला खाली बसावं लागलं.

"दादा! अरे, यंत्र गेलं ना!"

"मग?"

"मग तो फैलाव यंत्राचा! हाताने ओतलेल्या मेणबत्त्यांचा फैलाव किती हे या घरात कोणालाच माहीत नाही. तुलाही नाही, आत्यालाही नाही. यंत्राच्या पायातला बूट तू आईला घालतोयस आणि वर म्हणतोयस की चाल वाकडी!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," आत्या म्हणाली. "कॉलेजात जाणाऱ्याला ही शिकवणार."

"आत्या, तुझ्या समोर करते. पाटीकडे न बघता." मी फोनवर टकाटक केलं. "एक मेणबत्ती चारशे एक्कावन्नला विझली, एक चारशे नव्वदला. एवढ्या लांब लांब उड्या आहेत, आणि फैलाव म्हणे आठ! या सहांवरूनच काढला तर येतो सोळा. दुप्पट. म्हणजे दहा मिनिटांची तूट, जी दादाला डोंगराएवढी वाटली, ती निम्मीच उंच आहे. आणि अजून एक. हा सोळासुद्धा सहाच मेणबत्त्यांवरून काढलेला अंदाज आहे, त्यामुळे त्याच्यावरही पूर्ण भरवसा नाही. म्हणून दोषी ठरवायची रेघ आणखी लांब सरकवायची. दादाच्या हिशेबात रेघ होती एक पूर्णांक चौसष्टवर. सहा मेणबत्त्यांसाठी ती असते दोन पूर्णांक शून्य एकवर. आणि फैलाव आणि मेणबत्त्यांची संख्या धरून मोजली तर आईची तूट येते दीड. रेघेच्या अलीकडे!"

दादाने फोन घेतला. त्याचे ओठ हलत होते. तो दोनदा गणित करून बघत होता आणि दोनदा तेच येत होतं, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

"बोल ना," आत्या म्हणाली.

"टी-चाचणी लावायला हवी होती," दादा पुटपुटला. "फैलाव माहीत नसताना... हो. ती म्हणते ते बरोबर आहे."

काय सांगू! मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. पण आत्याने माझ्याकडे असं बघितलं की माझे पाय जागच्या जागी राहिले.

"म्हणजे वहिनीच्या मेणबत्त्या आठ तास जळतात, हे सिद्ध झालं. असंच ना?"

आणि इथे, मंडळी, मी हो म्हणू शकले असते. सगळे माझ्याकडे बघत होते. आईही. पण बाईंनी हे वाक्य आमच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की ते आपोआप बाहेर आलं.

"नाही. कमी जळतात असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही, एवढंच. कमी असतीलही. सहांवरून कळत नाही."

आत्या हसली. दात न दाखवता. "ऐकलं का वहिनी? तुझी लेकच म्हणते, असतीलही. सुटलीस, पण संशयावर. बस हो ओतत. मी आपली रोज बघत बसेन तुझ्याकडे आणि मनात म्हणत राहीन, असतीलही."

आई माझ्याकडे वळली. "भोंग्या, किती जाळल्या म्हणजे नीट कळेल?"

"जितक्या जास्त तितकं बरं. चोवीस असल्या तर मस्तच."

"अगं, कशाला?" बाबांच्या किल्ल्या थांबल्या. "विषय मिटलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे. मी उघडते."

आणि आईने कापायची सुरी घेतली, सरळ दाराशी गेली आणि हॉटेलवाल्यासाठी पॅक केलेलं, पट्टी मारलेलं खोकं फाडलं. फाडलं म्हणजे टर्रकन!

आत्या किंचाळली. खरंच किंचाळली. "विकायचा माल आहे तो! हे काय, हात दाखवून अवलक्षण?"

"गिऱ्हाईक हेच घेतं ना, ताई? मग हेच जाळू. फसलेल्या मेणबत्त्यांवर माझं नशीब किती दिवस ठरवणार?"

खोक्यात चोवीस असतात. मोठ्या मावशीने एकेक उलटी करून बूड पाहिलं. बारा तारे, बारा कडी. मावश्या दोन्ही टेबलांचा माल निम्मा निम्मा भरतात, म्हणजे भांडण नको.

"माझ्या बाजूला काढा," आत्या म्हणाली. "प्रश्न माझ्यांचा नाहीये."

"खोकं एक आहे," आई म्हणाली आणि काडी ओढली.

रविवारी सकाळी हे सुरू झालं असतं तर बरं झालं असतं, पण आईने वाट पाहिली नाही. पंखे बंद, खिडक्या बंद. चोवीस ज्योती आणि सात माणसं. दुपारपर्यंत खोलीत एवढं उकडत होतं की माणसांनीच वितळावं. दादा आणि मी एकाच बाकावर बसून मिनिटं मोजत होतो आणि मधोमध पाण्याची बाटली ठेवली होती, सीमा म्हणून.

पहिली मेणबत्ती विझली चारशे पंचेचाळीसला. आठ तासांना तब्बल पस्तीस मिनिटं बाकी असताना. मोठ्या मावशीने तळाचा उरलेला गोळा उलटा केला.

"तारा," ती म्हणाली, अगदी हळू.

"वारा लागला असेल," आत्या म्हणाली.

"खिडक्या तुम्हीच लावल्यात, ताई," आई म्हणाली.

मग एक कडं गेलं. मग तारा. मग पटापट दोन कडी, आणि आत्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग तीन तारे लागोपाठ, आणि तो रंग गेला. शेवटची मेणबत्ती चारशे नव्याण्णवपर्यंत टिकली. ती आईची होती, पण आईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

गणित दादानेच केलं. मी मुद्दाम मागे राहिले. या वेळी त्याने पाटीकडे मान वळवली नाही, चोवीसांवरून फैलाव काढला. पंधरा आला.

"सरासरी चारशे बहात्तर," तो म्हणाला. "तूट आठ मिनिटांची. मागच्यापेक्षा कमी आहे, पण आता मेणबत्त्या चोवीस आहेत, त्यामुळे भरवसा वाढलाय आणि रेघही जवळ आलीय. आकडा येतो दोन पूर्णांक सहा. रेघ एक पूर्णांक सात." त्याने फोन खाली ठेवला. "रेघ ओलांडली. मेणबत्त्या खरंच आठ तास जळत नाहीत."

"बघ!" आत्याने टेबलावर थाप मारली. "मी काय म्हणत होते? वहिनी, आता तरी..."

"आई," दादा म्हणाला, "यात बारा तुझ्या आहेत."

"असतील. तिच्यांनी खाली ओढलं असेल."

"ताऱ्यांची सरासरी चारशे एकाहत्तर. कड्यांची चारशे त्र्याहत्तर."

मला वाटलं आई आता ओतणार. चौदा वर्षांचं साठलेलं सगळं, एका किटलीत. मी तर बाकावर सरसावून बसले.

पण आई म्हणाली, "कमी आहेत तर कमी आहेत. माझ्याही." मग तिने हात पुसले. "पॅकिंगला कोण जायचं ठरलं होतं, ताई? चला, दोघी जाऊ."

धाकट्या मावशीला या वेळी खोकलाही सुचला नाही. आत्या चोवीस विझलेल्या गोळ्यांकडे बघत राहिली, मग भिंतीकडे, मग दादावर खेकसली, "बघत काय बसलास? पेचकस आण!"

पाटी निघाली. भिंतीवर तिच्या जागी स्वच्छ चौकोन उरलाय, बाकी भिंत मेणाच्या धुराने पिवळी. सॉरी? छे! आत्याच्या तोंडात तो शब्द नाहीच. सोमवारी आई तिच्या टेबलाशी उभी राहिली आणि आत्या तिच्या, आणि दोघी नेहमीसारख्या एकमेकींना भाजत राहिल्या. आत्या नवीन वात मागवायच्या मागे आहे. तोवर खोक्यांवर चिकटवायला तिने नवी पट्टी छापून आणली. जणू काही तिचीच कल्पना. "साडेसात तास हमखास!"

मी शाळेतून आले, पट्टी वाचली आणि दारातूनच म्हटलं, "आत्या, 'हमखास' चुकीचं आहे. चारशे बहात्तर ही सरासरी आहे. चोवीसांतल्या दोन साडेसातच्या आत विझल्या होत्या. एक तर तुझीच..."

"बाहेर हो!" आत्या ओरडली. "या भोंग्याला आधी बाहेर काढा कोणीतरी!"

आईने किटलीवरून नजर काढली नाही. एकसंध धार साच्यात पडत होती.

"ती कुठेही जाणार नाही," आई म्हणाली. "नवी वात आली की अजून एक खोकं फाडायचंय तिला."