अकराचा ताप

“जवळ येऊ नकोस,” पहिलीच्या बाई म्हणाल्या आणि शिक्षकखोलीतली आपली खुर्ची त्यांनी पार उघड्या खिडकीपाशी ओढली.

मी मिठी मारायला पुढे झाले होते, ती तशीच उभी राहिले. मी शेजारच्या वर्गावरची, वयाने त्यांच्या लेकीएवढी. आज बाईंचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. चौतीस वर्षं त्यांनी पहिलीचाच वर्ग घेतला. बारा वाजता निरोपाचा कार्यक्रम होता.

“अंग मोडून आलंय गं. सकाळी तापाची गोळी घेतली नि आले.”

मला हसूच फुटलं. कारण या बाबतीत बाई म्हणजे पक्क्या गुप्तहेर. फ्लूची साथ आली की आईबाप मुलाला सकाळी औषध पाजतात आणि अंग गार करून शाळेत धाडतात. अकराच्या सुमारास औषधाचा अंमल संपतो. बरोबर त्याच वेळी बाई बाकांमधून फेरी मारायच्या. थर्मामीटर नंतर, आधी त्यांना मुलाच्या नुसत्या बसण्यावरून कळायचं. “हा बघ अकराचा ताप,” म्हणत त्या घरी फोन लावायच्या आणि बापाला असं काही झापायच्या की बस. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तरच पाठवा, नाहीतर गाठ माझ्याशी आहे!

मी याला आधी म्हातारचळ म्हणायचे. मग यंदाच्या साथीत माझा निम्मा वर्ग अंथरुणाला खिळला, आणि भिंतीपलीकडे बाईंची सगळी पोरं घसा फोडून कविता म्हणत होती. दारात उभं राहून मी ते ऐकलं आणि तो शब्द परत कधी काढला नाही.

त्या पोरांत एक चिमणी होती. मोठ्या आजारातून उठलेली. साधा फ्लूसुद्धा हिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई तिला शाळेत पाठवायलाच तयार नव्हती. “माझ्या वर्गात पाठवा,” एवढंच बाई म्हणाल्या. मग घरोघर जाऊन त्यांनी प्रत्येक मुलाला फ्लूची लस टोचून घ्यायला लावली, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना-तोंडाला लावायचे नाहीत, हे वर्गाकडून रोज घोटून घेतलं. पोरगी वर्षभर एकदाही आजारी पडली नाही. आज बाईंना भेटकार्ड द्यायचा मान तिचाच होता.

“मास्क लावा, लांब बसा,” मी म्हटलं. “तासाभराचा तर प्रश्न. कुणाला कळणारे?”

“ती गळ्यात पडेल. आणि मी तिला दूर करणार नाही, मला माहितेय ना.” त्यांचा आवाज बसला होता. “तेवढ्यासाठीच तर गोळी गिळली. बघ, चौतीस वर्षं ज्यावरून लोकांना बोलले, तेच केलं!”

त्या मास्क लावून उठल्या. मुख्याध्यापिका धावत आल्या. “अहो बाई, निघालात कुठे? सगळा हॉल भरलाय!”

“भरलाय म्हणूनच निघाले.”

बाई फाटकाबाहेर पडल्या, तेवढ्यात चिमणी कार्ड घेऊन धावत सुटली. मी तिच्यामागे.

“थांब!” बाई ओरडल्या. असा आवाज त्यांनी तिच्यावर कधी चढवला नव्हता. पोर जागच्या जागी थिजली. “मला ताप आहे, राणी. कार्ड कट्ट्यावर ठेव आणि मागे हो. आणखी मागे. शाब्बास.”

बाईंनी कार्ड उचललं, उघडून वाचलं, छातीशी धरलं. मग मास्कवरूनच आपल्या तोंडावर बोट ठेवून तिला रडू नको अशी खूण केली आणि रस्त्याला लागल्या. एवढं मोठं माणूस आपल्या शाळेत होतं आणि आपण रोज त्यांच्याशी खडूच्या डब्यावरून भांडत होतो, असं मला वाटलं.

चिमणी रडत होती. गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. मी रुमाल शोधायला लागले, पण ती थांबली नाही. दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती नळाशी गेली. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा चोळून, सावकाश हात धुतले.

मगच तिने डोळे पुसले.