चार सेकंद थांबणारी सावली

ताईला आडवं केलं की तिचे डोळे लगेच हलत नाहीत. चार सेकंद जातात. मग बुबुळं झटके मारू लागतात आणि वीसएक सेकंदांत शांत होतात. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे घड्याळाकडे लक्ष जातंच.

महाराजांच्या बैठकीला सभागृहात जमलेली दीडशे माणसं मात्र टाचा उंचावून फक्त डोळेच बघत.

"बघा, सावली डोळ्यांतून डोकावतेय!" भूतबाधा उतरवणारे महाराज गरजत. मग ताईला उठवत, फुंकर मारत, पुन्हा आडवं करत. दुसऱ्यांदा झटके कमी. तिसऱ्यांदा डोळे स्थिर. टाळ्यांचा कडकडाट. दोन दिवसांनी ताई अंथरुणात कुशीवर वळली की खोली पुन्हा गरगरायची.

अशा सात बैठका झाल्या. ताईचं काम भिंती रंगवण्याचं. या चक्करीमुळे आठ महिन्यांत तिने शिडीला हात लावला नव्हता. न्हाणीघरातही भिंत धरून जायची. त्यात महाराजांचं नवं फर्मान निघालं: सावली लेकीवर उडी मारेल, तिला आत्याकडे धाडा. पोर चार वर्षांची. भावोजींनी तिचे कपडे पिशवीत भरूनही ठेवले. ताई ना हो म्हणे, ना नाही.

आठव्या बैठकीच्या दिवशी ती म्हणाली, "असं जगण्यापेक्षा..." आणि थांबली.

"आधी एक करून बघू," मी म्हटलं. "महाराज बैठकीच्या आदल्या दिवसापासून आडवं व्हायला मनाई का करतात? आज निघण्याआधी हो आडवी. त्रास होईल हं."

"होऊ दे. याहून वाईट काय होणार?"

मान उजवीकडे वळवून तिला तीनदा आडवं केलं. पहिल्यांदा तिने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. तिसऱ्यांदा डोळे स्थिर. ना मंत्र, ना फुंकर.

तासाभरात आम्ही सभागृहात. महाराजांनी ताईला आडवं केलं आणि न बघताच नेहमीचा ठेका धरला, "आली! आली बघा! कशी थयथयाट करतेय!"

ताईचे डोळे शांत.

"कुठंय?" पुढची म्हातारी म्हणाली. "बाई तर निवांत छत बघतेय!"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मला बघून पळाली!" महाराज म्हणाले.

"मग 'आली' म्हणून कशाला ओरडलात?" मी विचारलं.

"मेहुणीबाई, गप्प बसा," भावोजी कुजबुजले.

"तिसऱ्या बैठकीलाच मला शंका आली होती. तेव्हा गप्प बसले, ती माझी चूक." मी लोकांकडे वळले. "कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. त्यांत सुटे बारीक कण शिरले, की डोकं वळताच ते घरंगळतात आणि चारेक सेकंदांनी डोळे झटके मारतात. लागोपाठ आडवं केलं की झटके काही वेळ विरतात, पण कण तिथेच राहतात; दिवसभर आडवं झालं नाही की झटके पुन्हा जोरात येतात, म्हणून ती मनाई. आज हे मी घरीच केलंय. ताईला बहुधा हेच झालंय. नक्की काय ते कानाचे डॉक्टर तपासून सांगतील. हेच असेल तर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण नळीबाहेर आणतात. पुढे तोलाचा सरावही लागेल. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. जे दिसतं, ते का दिसतं, हे विचारा."

महाराज भावोजींवर खेकसले, "पोर पाठवताय की नाही?"

भावोजींनी ताईकडे पाहिलं. ती उठली, डोलली, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"लेक कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "माझ्याजवळच राहील. आणि उद्या मला कानाच्या डॉक्टरांकडे न्या."