मांडवाखालची झुकिनी

“आत्ती, वीतभर झाली की तोडायची. उद्या बघू म्हणायचं न्हाय.”

सुनेनं, दिव्यानं, झुकिनीच्या बियांची पुडी राजमतीच्या हातात ठेवताना एवढंच सांगितलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यावर तिनं आपल्या आवडीनं आणलेली ही पहिली वस्तू. राजमतीच्या मुलाची, वृषभची नोकरी बेळगावजवळच्या मच्छेच्या कारखान्यात, म्हणून दोघं तिकडंच खोली घेऊन राहायची आणि एक रविवार आड घरी, कोगनोळीला यायची. पहिली झुकिनी आपण रांधून सगळ्यांना वाढणार, असं दिव्यानं ठरवून टाकलं होतं.

राजमतीनं झुकिनी नावाची भाजी जन्मात बघितली नव्हती. तरी भोपळ्याच्या जातीची म्हटल्यावर तिनं परसात आळी केली, शेणखत घातलं, बी टोकलं आणि चार मेढी रोवून वर मांडव घातला. रोपं उगवली, पानं सुपाएवढी झाली. पण वेल काही वर सरकेना. झाड आपलं जागच्या जागी फतकल मारून बसलेलं. तिचे मालक रायगोंडाअण्णा रोज सकाळी दात घासत मांडवापाशी उभे राहत आणि नवरी अजून बोहल्यावर चढली न्हाय काय, म्हणून विचारत. राजमती हसायची आणि पाणी घालत राहायची. शेवटी दिव्यानंच फोनवर सांगितलं, की ही जात वर चढतच नसते. मांडव तसाच राहिला. अण्णा त्यावर टॉवेल वाळत घालू लागले.

पुढं फुलं आली. बोटाएवढी फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची. नरफूल तोडून त्यातला पराग मादीफुलाला लावावा लागतो, हेही दिव्यानंच सांगितलं. फूल तोडायला राजमतीचं मन होईना. तिनं आरतीसाठी वळलेली कापसाची वात घेतली आणि सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन करून आल्यावर ती एका फुलातून दुसऱ्या फुलात हलकेच फिरवली. अण्णांनी कुंपणापलीकडच्या जयाबाईला हाक मारून सांगितलं, की आमच्या घरात आता सोयरिकी जमवायचं काम निघालंय.

पण फळ धरलं. रोज वाढू लागलं. सप्तमीला संध्याकाळी राजमतीनं वीत लावून बघितली, तर दोन बोटं कमी. दुसऱ्या दिवशी बरोबर वीत भरली आणि त्या दिवशी अष्टमी.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवं खायचं नाही, तोडायचंही नाही, हा तिचा तीस वर्षांचा नेम. अण्णा म्हणाले, “तू बाजूला हो, मी तोडतो. नेम तुझा हाय, माझा न्हाय.”

“तोडलं काय आन् तोडायला लावलं काय, एकच की हो,” ती हळूच म्हणाली.

रविवारी, नवमीला, दिव्या-वृषभ आले तेव्हा झुकिनी एका दिवसातच फुगून दंडाएवढी होऊन पानाखाली लोळत होती. अण्णांनी ती दोन्ही हातांत उचलून आणली आणि हिला आता पाळण्यात घालून बारसं करूया, म्हणाले. वृषभ पोट धरून हसला. दिव्याही हसली, पण नख रोवून बघितल्यावर तिचा चेहरा उतरला. साल निबर व्हायला लागलेलं, आत बिया धरलेल्या.

“असू दे, आत्ती,” ती म्हणाली.

ते ‘असू दे’ राजमतीला ओळखीचं होतं. ती सून होऊन आली तेव्हा माहेरून अबोलीचं रोप घेऊन आली होती. सासूनं ते हौदामागं लावलं, जिथं ऊनच पोचत नव्हतं. तेव्हा तीही असंच म्हणाली होती.

त्याच सकाळी दुसरं मादीफूल उमललं होतं. राजमतीनं सुनेला परसात नेलं, वात तिच्याच हातात दिली आणि म्हणाली, “ह्ये फळ कवळं असतानाच तुझ्या हातात देतो. शब्द हाय माझा.”

“आन् पुन्हा नेमाच्या दिवशी वीत भरली तर?”

“ते मी बघतो गं.”

सोमवारपासून राजमती फळाकडं एकदा आणि भिंतीवरच्या कॅलेंडराकडं एकदा बघू लागली. अण्णांनी कॅलेंडरच मांडवाला टांगायला काढलं.

गुरुवार उजाडला. त्रयोदशी. बस्तीतून आल्यावर तिनं वीत लावली. दोन बोटं कमी. उद्या चतुर्दशी, आणि दिव्या येणार पुढल्याच्या पुढल्या रविवारी. मग नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणून विळ्यानं देठ कापला. फळाला नख नुसतं टेकवलं तरी पाणी सुटलं. वीतभराची वाट बघायची गरज नव्हतीच की, असं तिला वाटलं आणि आपलंच हसू आलं.

अण्णा शेताकडं गेले होते. त्यांच्या भाकरीवर तिनं ताट झाकलं. झुकिनी ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली, गाळलेल्या पाण्याची बाटली घेतली, बायकांना बस फुकट, म्हणून कंडक्टरला दाखवायला आधार कार्ड घेतलं. मच्छेला ती एकटी कधी गेली नव्हती. निपाणीत एक बस बदलायची, बेळगावात दुसरी, आणि दिवस मावळायच्या आत सुनेच्या हातचं जेवायचं, एवढं तिनं मनाशी घोकलं.

मांडवावरचा टॉवेल वाळला होता. जाता जाता तिनं तो घडी करून कट्ट्यावर ठेवला आणि आवाज न करता कडी लावली.