चालत्या माणसाचा दर

“संडासला एकट्या जातात का?” पूर्वा मॅडमनी विचारलं.

“जाते की,” विक्रम म्हणाला. “म्हणजे थोडं धरावं लागतं. पण जाते.”

प्रेमलानं मुलाकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. धादांत खोटं होतं ते. अर्धांगाचा झटका आल्यापासून मुक्ताई आपल्या पायांनी पलंगापासून दारापर्यंतसुद्धा गेल्या नव्हत्या. पण कोथरूडच्या या गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये खरं बोलायची सोय नव्हती. इथे दोन दर होते. चालत्या माणसाचा महिना बावीस हजार, झोपून असलेल्याचा अडतीस. घराचा हप्ता आणि पोरांच्या फिया देऊन विक्रमची मजल कशीबशी बावीसपर्यंत जात होती. त्यानं निघतानाच सांगितलं होतं, “आई, आत्या चालताना दिसली तरच ठेवता येईल. नाहीतर परत आणू, मग बघू काय ते.”

आणि खरं सांगायचं तर ‘परत आणू’ एवढे दोनच शब्द प्रेमलानं विश्रांतवाडीपासून इथपर्यंत गाडीत मुठीत धरून आणले होते.

“याला वृद्धाश्रम म्हणायचं नाही हं, आजी,” इथला कारभार बघणाऱ्या पूर्वा मॅडमनी मघाशीच समजावलं होतं. “हे असिस्टेड लिव्हिंग. इथे मदत मिळते, पण माणूस स्वतंत्र असतो.” प्रेमलानं मान डोलावली होती. बारसं काही का करेनात, घरचं माणूस इथे ठेवून आपण परत जायचं, हे तिला कळत होतं.

मुक्ताई तिची नणंद. तिच्या नवऱ्याची, सोनबाची, थोरली बहीण. आई गेली तेव्हा सोनबा रांगत होता. त्याला वाढवता वाढवता मुक्ताईंचं वय निघून गेलं आणि मग कुणी लग्नाचा विषयच काढला नाही. प्रेमला नवरी होऊन आली तेव्हा घराच्या किल्ल्या यांच्याच कमरेला. पहिली काही वर्षं दोघींचा छत्तीसचा आकडा होता. भाकरी जाड झाली, आमटीत पाणी जास्त झालं, सरपण भिजलं, भांडायला काहीही चालायचं. पण विक्रमच्या वेळेला प्रेमला तापानं फणफणली तेव्हा महिनाभर पोर सांभाळलं ते याच बाईनं. प्रेमलाला भरवलं, न्हाऊमाखू घातलं, वर ‘नाजूक गं बाई तू’ म्हणून टोमणेही मारले. सोनबा गेल्यावर तर दोघीच उरल्या. विक्रम आणि सूनबाई कामाला निघून जायचे आणि या दोघी दिवसभर भांडायच्या. भांडल्याशिवाय घास जायचा नाही त्यांना.

धानोरीकडची जमीन बिल्डरला दिली तेव्हा मुक्ताईंनी हक्कसोडपत्र लिहून दिलं. बहिणी देतातच तसं. ‘मला एकटीला काय करायचंय’ म्हणत सही केली आणि येताना सगळ्यांना उसाचा रस पाजला. त्या पैशांत घर झालं, विक्रमचं इंजिनिअरिंग झालं, उरलेले सोनबाच्या दवाखान्यात गेले. आज मुक्ताईंच्या नावावर कुठे काही नव्हतं. त्यांना कुणी लुबाडलं नव्हतं, तेच तर वाईट. लुबाडलं असतं तर निदान कुणाला शिव्या तरी देता आल्या असत्या.

आजार आल्यावरही प्रेमलानंच सगळं केलं. तिनं सूनबाईला बोट लावू दिलं नाही. आणि मग श्रावणात एक दिवस मोरीत मुक्ताईंना उचलताना तिचा पाय सरकला. दोघी खाली. मुक्ताई अंगावर, प्रेमला भिंतीशी. सूनबाई ऑफिसातून येईपर्यंत दोघी तशाच ओल्या फरशीवर पडून होत्या. प्रेमलाच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, आजी, आता बादलीसुद्धा उचलायची नाही. बाया ठेवून पाहिल्या. एक आठवड्यात गेली, दुसरी न सांगता गेली, आणि दिवसाची एक, रात्रीची एक अशा दोन ठेवायच्या तर खर्च इथल्यापेक्षा वर जात होता.

ही सगळी चर्चा मुक्ताईंच्या पलंगाशेजारी झाली. जीभ जड झालेली, उजवा हात गेलेला, त्यामुळे त्यांना ऐकूही येत नाही असं घरात कुणी कधी धरून चाललं, कोण जाणे. चालत्याचा दर किती, झोपलेल्याचा किती, ते त्यांच्या उशाशीच बोललं गेलं. त्या छताकडे बघत पडून होत्या.

“रागावू नका हं,” पूर्वा मॅडम उठल्या, “पण सगळेच चालतात म्हणून आणतात आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या मुलींच्या कमरा मोडतात. त्या टेबलापर्यंत चालून दाखवतील का?”

टेबल खिडकीपाशी होतं. तसं काही लांब नाही. प्रेमलाच्या मनात एकदम उजाडल्यासारखं झालं. देवा, आपल्याला खोटंही बोलायला नको, खरंही बोलायला नको. न्हाई जमलं म्हणायचं आणि गाडीत बसायचं. मणका मोडला तर मोडू दे मेला. आता कशासाठी जपायचाय तो?

ती खुर्चीत बसवलेल्या मुक्ताईंच्या कानाशी वाकली.

“वन्सं, जमत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. कुणाची सक्ती न्हाई. घरला जाऊ आपन.”

मुक्ताईंनी तिच्याकडे पाहिलं. लांबून बघितल्यासारखं पाहिलं. मग डावा हात खुर्चीच्या दांड्यावर रोवला.

“वन्सं, बसा की,” प्रेमला म्हणाली.

मुक्ताई उठल्या. विक्रम धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी मान हलवून नको म्हटलं. डावा पाय पुढे पडला. उजवा फरपटत मागून आला. पुन्हा डावा. उजव्या पायातली चप्पल निसटली, ती तशीच मागे राहिली. हॉलमध्ये टीव्हीपुढे बसलेले दोन म्हातारे वळून बघायला लागले. मुक्ताईंचं तोंड वाकडं झालं होतं, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि तरी ती बाई चालत होती. ज्या बाईला रोज सकाळी कुशीवरसुद्धा दुसऱ्यानं वळवावं लागायचं, ती बाई.

प्रेमला मनातल्या मनात म्हणत होती, पडा वन्सं, पडा हो. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा मुक्ताईंचा हात टेबलावर होता.

“हं,” पूर्वा मॅडम म्हणाल्या. त्यांचं लक्ष मुक्ताईंच्या पायांकडे होतं. लुगड्याच्या काठाखाली ते पाय लटलटत होते. असलं बरंच काही त्यांनी पाहिलं असणार. “चालतात. याच दरात घेते. पण दर तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा बघतो, तेवढं लक्षात ठेवा.”

मुक्ताईंनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा चालायचं.

विक्रम पैसे भरायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. या आत्याच्या काखेत वाढलेलं पोर ते. “आत्या, दर रविवारी येतो मी. प्रॉमिस,” तो म्हणाला. मुक्ताईंनी त्याच्या गालावरून डावा हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडायला गेल्या. एका हाताचीच मोडली.

खोली बरी होती. दोन पलंग, एक कपाट, भिंतीला धरायला दांडी. शेजारच्या पलंगावरच्या बाई झोपल्या होत्या. प्रेमलानं पिशवीतले कपडे कपाटात लावले, तेलाची बाटली उशाशी ठेवली, आणि मग करायला काही राहिलं नाही.

“आई, निघू या? ट्रॅफिक लागेल,” विक्रम दारातून म्हणाला.

“थांब वाईच,” म्हणून ती बाहेर गेली आणि वास काढत स्वयंपाकघरात पोचली. तिथल्या बाईंना म्हणाली, “बाई, मूठभर तांदूळ देता का? आन् एखादं फळ.”

“कशाला हो?”

“माझी नणंद सासरी निघाली,” असं तिच्या तोंडून गेलं आणि तिथेच, त्या परक्या ओट्याला धरून ती हुंदके देऊन रडली. त्या बाईंनी वाटीत तांदूळ दिले, वर एक मोसंबं ठेवलं.

विधवेनं ओटी भरू नये म्हणतात. बिनलग्नाच्या बाईची भरतात की नाही, तेही तिला नक्की ठाऊक नव्हतं. पण म्हणणाऱ्यांतलं कुणी आज सोबत आलं नव्हतं. आणि माहेर सोडून निघालेलीला रिकाम्या पदरानं पाठवत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. सगळ्या जन्मात मुक्ताई आज पहिल्यांदाच घर सोडून निघाल्या होत्या.

“वन्सं, पदर धरा.”

मुक्ताईंनी वाटीकडे पाहिलं, प्रेमलाकडे पाहिलं. पदराचं एक टोक त्यांनी डाव्या हातानं धरलं. दुसरं प्रेमलानं धरलं आणि मोकळ्या हातानं तांदूळ घातले. मोसंबं घातलं. गाठ मारून पदर त्यांच्या कमरेला खोचला.

“काय कमीजास्त बोलले असंन तर पोटात घाला,” ती म्हणाली.

मुक्ताईंनी काहीतरी म्हटलं. जड जिभेनं, पण प्रेमलाला ते कळायचं. “नाजूक,” त्या म्हणाल्या.

दारात विक्रमनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. प्रेमला कमरेचा पट्टा सावरत, मणक्याची कळ सोशीत खाली बसली आणि थोरल्या नणंदेच्या पायांवर तिनं दोन्ही हात ठेवले. पाय अजून लटलटत होते. तिनं ते धरून ठेवले. विक्रमनं एकदा हाक मारली, मग मारली नाही. पाय स्थिर झाल्यावर तिनं हात काढले.