रातड्याचा माज

गेल्या पौषात माजावर आलेल्या रातडा नावाच्या उंटाने हरजीच्या दंडाचा चावा घेतला, तेव्हापासून त्याचा उजवा हात कोपरात वळत नाही. यंदा थंडी पडायच्या आत उंटाला खच्ची करायचं, असं हरजीच्या वडिलांनी, गमनाजींनी ठरवलं आणि हे काम करणाऱ्या सवारामला सांगावा धाडला.

हरजीची बायको झमकू चुलीपाशी ऐकत होती. माहेराहून मिळालेल्या तिच्या तीन सांडण्या, म्हणजे उंटिणी, रिकाम्याच होत्या. चावल्यावर रातड्याला बांधून ठेवल्यामुळे गेल्या हंगामात एकही गाभण राहिली नव्हती. आसपासच्या चार ढाण्या-वस्त्यांत दुसरा नर उरलाच नव्हता.

सासऱ्यांशी ती थेट बोलत नसे. घुंघट ओढून सासूला म्हणाली, "सासूबाई, विचारा ना, माज चढल्यावर कापलं तर?"

"रक्त थांबत नाही," गमनाजी भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "म्हणून तर आत्ताच कापायचं. मोठी आली वैदीण."

उन्हाळाभर रातड्याचे अंडकोष आक्रसलेले असत आणि तो मेंढीसारखा गरीब असे. थंडीत ते फुगत, मानेमागच्या ग्रंथी पाझरू लागत. माद्या जवळ असल्या की हे लवकर होतं, असं झमकूने वडिलांच्या कळपात पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला सांडण्यांमध्येच चारू लागली. वारा त्यांच्याकडून येईल अशा बाजूला उभं करी.

"माझा हात पाहिलास ना?" हरजीने विचारलं.

"पाहिला. म्हणून तर येता-जाता मुसकं बांधते."

पाच दिवस रातडा निवांत खेजडीच्या झाडाचा पाला ओरबाडत राहिला. झमकूने नेणं सोडलं नाही. आठव्या दिवशी त्याने चारा टाकला, दात करकरा वाजवू लागला. दहाव्या दिवशी त्याच्या मानेवर काळा, उग्र वासाचा ओघळ आला.

अकराव्या दिवशी सवाराम आला. त्याने खाली हात घालून चाचपलं, मानेवर बोट फिरवून हुंगलं आणि सुरी म्यानात घातली.

"उशीर केलात, गमनाजी. चांगलेच फुगलेत. आता चैत्रात बोलवा."

"अजून गोधड्या काढल्या नाहीत, आणि हा माजावर?"

"त्यालाच विचारा. माझ्याशी बोलत नाही तो."

गमनाजींनी सांडण्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे. "सांग तिला," ते बायकोला म्हणाले, "माज आणलाय तर सांभाळायचाही तिनेच. माझा मुलगा दोरी धरणार नाही."

"त्यांना सांगा, सासूबाई," झमकू म्हणाली, "मी धरलीय."

दुपारी तिने रातड्यापुढे पहिली सांडणी खाली बसवली.