मंदाबाईचा डबा

भुलाबाईच्या गाण्यात एक जागा मोकळी असते. ज्या घरी गाणं म्हणायचं, त्या घरच्या लेकीचं नाव त्या जागेत बसवायचं.

भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई अन् भुलोजी पाटावर बसतात, त्यांच्यावर ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर उभं राहतं, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरीबाळी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा आणते. आत खिरापत. डबा हलवायचा, कानाला लावायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर घरवाले हरले, नाही ओळखलं तर पोरी हरल्या. खायला सगळ्यांनाच मिळतं.

बोरगाव मेघेच्या शकुबाईनं या डब्यावरच गाणं रचलं होतं. ती आणि तिचा नवरा रूपराव दीड एकरात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक काढायचे आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचे. वांगी तोडता तोडता ओळी जुळत गेल्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून विसरायचीही सोय नव्हती.

डबा हालवू हालवू, कानाले लावू लावू
मंदाबाईच्या डब्यात काय आहे ते सांगू
फुटाने म्हनू तं वाजत नाई
लाडू म्हनू तं गडगडत नाई
साखर म्हनू तं मुंगी नाई
मंदाबाईच्या डब्यात काईच नाई
वाटनं खाल्लं बाई, वाटनं खाल्लं
मंदाबाईनं सारंच खाल्लं

मंदाबाई ही नंतरची. बोरगावात हे गाणं चालायचं तेव्हा नाव रोज वेगळं असे. आज रुख्माबाईच्या दारी तिची नात खादाड, उद्या पलीकडच्या दारी तिथली पोर. ती पोर लाजून आत पळायची, बाया हसायच्या, आणि नाव त्या दारातून उठून दुसऱ्या दारी जाऊन बसायचं. कुणाच्याच अंगाला चिकटायचं नाही.

वर्ध्याला स्टेशनकडच्या रस्त्यावर मोतीलालचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तो नागपूरहून कॅसेटी भरून आणून विकायचा, आणि आपल्या नावाची एक तरी कॅसेट निघावी असं त्याच्या मनात होतं. त्र्याऐंशीच्या भुलाबाईत त्यानं हे गाणं बोरगावात ऐकलं, रस्त्यात सायकल उभी करून दोनदा ऐकलं, आणि कोजागिरी झाल्यावर शकुबाईला आणि तिच्यासोबतच्या चार बायांना एसटीनं नागपूरला घेऊन गेला.

गाणं भरायची खोली लहान होती. भिंतींना गोणपाट ठोकलेलं. एक ढोलकवाला, एक बेंजोवाला आणि नवाच आलेला कॅसिओ वाजवणारा एक लांब केसांचा माणूस. काचेपलीकडच्यानं बोट वर केलं की म्हणायचं. शकुबाईनं सुरू केलं, दुसऱ्या ओळीत नावाची जागा आली आणि ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबली. मोतीलालला वाटलं, बाई घाबरली. तिनं विचारलं, हे घर कोनाचं? मोतीलाल म्हणाला, घर नाही, कंपनी आहे. मग कंपनीच्या मालकाची लेक कोण? काचेपलीकडून उत्तर आलं की मालकाला दोन्ही मुलगेच आहेत. सगळे हसले. शकुबाई हसली नाही. नाव नसलं तर गाणं कुणाच्या दारी म्हणायचं, हे तिला कळेना. मोतीलाल म्हणाला, मावशी, कोन्तंही नाव घेऊन टाक ना.

कोन्तंही नाव तिला घेता येत नव्हतं. तिची एकुलती लेक मंदा त्याच उन्हाळ्यात आष्टीला दिली होती. लग्नानंतरची पहिली भुलाबाई लेक माहेरी करते. पण मंदाच्या सासूचा हात मोडला, घरात दुसरी बाई नाही, म्हणून मंदा आली नाही. त्या वर्षी महिनाभर गावातल्या साऱ्या लेकींची नावं घेऊन झाली, एकीचंच राहिलं होतं. शकुबाईनं डोळे मिटले आणि ते घेतलं. गाणं एका दमात भरून झालं.

दिवाळीत कॅसेट निघाली आणि संक्रांतीपर्यंत मोतीलालचं दुकान तिच्यावरच चाललं. हॉटेलात, पानठेल्यावर, आर्वीच्या स्टँडवर, लग्नाच्या बँडवर, गिरडच्या यात्रेत पाळण्याच्या भोंग्यावर, जिथं तिथं मंदाबाईनं सारंच खाल्लं. उधारी बुडवणारा मंदाबाई झाला. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या घरासमोर हेच वाजलं. भाजीच्या पाट्यांसोबत बाजारात बसलेली शकुबाई ऐकायची आणि तिला बरं वाटायचं. लेकीचं नाव जिल्हाभर झालं, असंच तिला वाटायचं.

आष्टीत काय चाललं होतं ते तिला उशिरा कळलं. मंदा पाण्याला निघाली की पोट्टे डबा हलवल्यासारखे हात करायचे. बाजारात गुळाच्या दुकानदारानं तिला विचारलं, घरापर्यंत पोचते का गूळ? आणि बायांची कुजबूज सासूवर गेली: वाटेत खाते म्हणजे घरी पोटभर भेटत नसेल. सासू आनंदाबाई कडक होती, पण तिच्या घरी कुणी उपाशी निजलं नव्हतं. तिनं सुनेला काही म्हटलं नाही. फक्त माहेरी पाठवणं बंद केलं. दिवाळीला नाही, आखाजीला नाही. रूपराव दोनदा आणायला गेले आणि दोनदा चहा पिऊन परत आले.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात निरोप आला की मंदाला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. पण निरोपासोबत हेही आलं की आम्ही इथंच करू.

त्याच दिवसांत मोतीलाल नवी बातमी घेऊन आला. गावोगाव व्हिडिओ आले होते, नागपूरची एक पार्टी गाण्यांची व्हिडिओ कॅसेट काढत होती, आणि त्यांना पहिलं गाणं हेच हवं होतं. शूटिंग तुमच्याच वाडीत करू, तो म्हणाला, वांग्यांच्या मधात, मंदाबाईच्या जागी नागपूरची नाचणारी पोरगी. शकुबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नाव बदलून पुन्हा भरता येईल का? मोतीलाल म्हणाला, नावच तर विकते मावशी. मग ती म्हणाली की नाव ज्या घरचं आहे, गाणं त्या घरी म्हणावं लागतं. आधी तिथं विचारू.

दोघं आष्टीला गेले. आनंदाबाई ओसरीवर गहू निवडत होती. मंदानं पाणी आणून ठेवलं, आईकडं एकदा पाहिलं आणि आत गेली. मोतीलालनं व्हिडिओ म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. आनंदाबाईनं त्याला हातानंच थांबवलं.

"ईहीनबाई, माहा हात मोडला तवा दोन महिने तुमच्या लेकीनं मले आपल्या हातानं जेवू घातलं. माह्या आधी एक घास तिनं तोंडात घातला नाई. अन् तुमी तिले साऱ्या मुलुखात खादाड करून ठेवली."

शकुबाईला हे माहीत नव्हतं. मंदानं कधी कळवलं नव्हतं.

"पोट्टे मले हासतात त्याचं नाई," आनंदाबाई म्हणाली. "ते पोरगी खाली मान घालून पानी भरून राह्यली दोन साल. तिले तुमच्या इथं पाठवू, अन् उद्या तिच्या लेकराचंही गानं करसान."

शकुबाईनं गोणपाटाच्या खोलीतलं सारं सांगितलं. "त्या साली तिच्या नावानं कोनीच म्हटलं नव्हतं. जागा मोकळी होती, म्हून मी तिले तिथं बसवली. उठवाले आता मले येत नाई."

आनंदाबाईचे हात गव्हात थांबले. तो हात मोडला नसता तर मंदा त्या साली बोरगावातच असती, हे दोघींनाही एकदमच कळलं असावं. सुपातले दोन-चार खडे तिनं उगाच इकडून तिकडं केले.

"डबा कोनाच्या हातात राह्यते?" तिनं विचारलं.

"घरच्या बाईच्या."

"मंग माह्या हातात राह्यन. गानं करा इथं. भरला डबा दिसू द्या साऱ्याइले. पन मंदाले माहेरी पाठवाचं मी नाई बोलली अजून काई."

कोजागिरीच्या दिवशी नागपूरची माणसं आष्टीला आली, सोबत मोतीलाल, शकुबाई आणि तो ढोलकवाला. कॅमेऱ्याला उजेड लागतो म्हणून भरदुपारी भुलाबाई मांडली. गल्लीतल्या वच्छलाबाईनं तेवढ्यावरच पाचसात टोमणे काढले: दिवसाढवळ्या भुलाबाई म्हणजे भुलोजीची ड्यूटी रातची दिसते. नाचणाऱ्या पोरीनं झगमग लुगडं नेसलं होतं आणि ते घडीघडी सुटत होतं. टेपवर गाणं लागलं, बाया गोल फिरल्या. सात महिन्यांची गरोदर मंदा आत दाराआड उभी होती. ती बाहेर आली नाही.

आनंदाबाईनं पहाटे उठून करंज्या केल्या होत्या, पितळी डबा गच्च भरला होता. ठरलं ते असं: टेपवर शेवटची ओळ संपली की आनंदाबाईनं पुढं यायचं, झाकण काढायचं, भरला डबा दाखवायचा आणि वाटायचं. पहिल्या वेळी सारं नीट झालं, करंज्या वाटल्या, बायांनी खाल्ल्या, आणि कॅमेरेवाला म्हणाला की मागून बकरी गेली, पुन्हा. दुसऱ्या वेळी ऐन झाकण काढताना लाइट गेली आणि टेप बंद पडला. तोवर डबा उघडा होताच. शूटिंग बघायला भिंतीवर बसलेल्या लेकरांनी, बायांनी आणि ढोलकवाल्यानं हात घातले. लाइट आली तसं सारे धावत जागेवर गेले. ऊन कलत होतं, कॅमेरेवाला ओरडत होता, आणि डब्यात किती उरलं ते कुणी पाहिलंच नाही.

तिसऱ्या वेळी गाणं शेवटापर्यंत गेलं. मंदाबाईनं सारंच खाल्लं. आनंदाबाई डबा घेऊन पुढं आली आणि तिनं झाकण काढलं.

डबा रिकामा होता. तळाशी थोडा चुरा. कॅमेरा चालू होता. बाया फिरायच्या थांबल्या. शकुबाईला वाटलं, संपलं. दोन वर्षं जे लोक गाण्यात म्हणत होते ते आता डोळ्यांनी बघतील, आणि लेक दारातून कधीच निघणार नाही.

आनंदाबाईनं डब्यात पाहिलं, दाराआडच्या सुनेकडं पाहिलं. मग चुऱ्याची चिमूट उचलून तोंडात टाकली आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "मंदानं नाई खाल्लं. म्या खाल्लं."

पहिल्यांदा वच्छलाबाई हसली. मग तिनंच टाळी धरली, आणि टेप थांबला होता तरी बाया फिरायला लागल्या: वाटनं खाल्लं बाई, वाटनं खाल्लं, आनंदाबाईनं सारंच खाल्लं. दाराआडून मंदा बाहेर आली. ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तिच्या सासूनं तिला हाताला धरून गोलात उभी केली. नाचणारी पोरगी बाजूला सरकली. कॅमेरेवाल्यानं 'पुन्हा' असं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाची पिशवी ओसरीवर ठेवलेली होती. आनंदाबाईनं ती स्वतःच बांधली होती. एवढंच म्हणाली, आर्वीपासून पुढं रस्ता लई खराब आहे, ड्रायव्हरच्या मागं बसजो.

मंदाला मुलगी झाली. थंडीत व्हिडिओ कॅसेट निघाली आणि एक-एक रुपया तिकिटात गावोगावच्या ताडपत्रीखाली दाखवली गेली. नाचणाऱ्या पोरीचं लोकांना फारसं काही वाटलं नाही. रिकामा डबा उघडणारी सासू आली की ते पुन्हा मागं घ्यायला लावायचे. नव्या कॅसेटीच्या खोक्यावर मोतीलालनं गाण्याचं नाव बदलून टाकलं. रचनेपुढं मात्र त्यानं आधीसारखंच 'पारंपरिक' छापलं. शकुबाईला ते कुणी वाचून दाखवलं नाही.

चैतात शकुबाई लेकीला आणि नातीला सोडायला आष्टीला निघाली. आर्वीनंतर गाडी रिकामी झाली. कंडक्टर तिकिटाची पेटी मांडीवर वाजवत गुणगुणत होता, आणि नाव आलं ते नवं आलं. मंदानं आईकडं पाहिलं. शकुबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

आष्टीच्या स्टँडवर आनंदाबाई उन्हात उभी होती. तिनं आधी नात घेतली, मग सुनेच्या हातची पिशवी. कंडक्टर अजून तेच म्हणत होता.

"काय म्हनून राह्यला तो?" तिनं विचारलं.

"तुमचं नाव घेऊन राह्यला, ईहीनबाई."

आनंदाबाईनं नातीच्या टोपड्याची गाठ सारखी केली.

"घेऊ द्या," ती म्हणाली. "दुसरं घर भेटेपर्यंत."