सतराव्या नोंदीचे वजाचिन्ह

गुहेच्या व्यवस्थापक बाईंचा निरोप मंगळवारी सकाळी आला. नोंदवहीवरून यंदा पहिल्यांदाच केलेल्या पडताळणीत तिसऱ्या दालनातील सतरा क्रमांकाचा स्टॅलॅक्टाइट जागेवर आढळला नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी त्या गुहेची मोजणी मी केली होती आणि नोंदवहीही मीच तयार केली होती, म्हणून मला बोलावणे होते.

बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. ‘क्रमांक सतरा, स्टॅलॅक्टाइट, लांबी बेचाळीस सेंटीमीटर.’ अक्षर माझेच.

“छताला काहीच नाही,” बाई म्हणाल्या. “त्या दालनाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी तुमच्या जावयांकडे. परवा समिती बसतेय. तोवर उलगडा झाला नाही, तर त्यांना कामावर ठेवणं माझ्या हातात राहणार नाही.”

जावई तेथे सहा वर्षे मार्गदर्शक आहेत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून जो सुळका खाली लोंबतो, तो स्टॅलॅक्टाइट. तेच पाणी जमिनीवर पडून जो वर वाढतो, तो स्टॅलॅग्माइट. ही दोन नावे भल्याभल्यांच्या तोंडात उलटसुलट होतात. म्हणून नव्या मार्गदर्शकांच्या वर्गात मी एक खूण शिकवीत असे: क ची कडी, ग ची गादी. कडी छताला असते, गादी जमिनीवर. जावईही त्याच वर्गातून गेले.

खरे सांगायचे तर या गृहस्थांबद्दल माझे मत कधीच फारसे चांगले नव्हते. माप न घेता भिंतीत खिळा ठोकणारा माणूस. पण मत म्हणजे पुरावा नव्हे, हे मला ठाऊक होते. पुरावा पाहण्यासाठी मी त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो.

पहिली गोष्ट दारातच दिसली. जावयांच्या बुटांच्या शिवणींत पांढरी भुकटी होती. दुसरी दिवाणखान्यात. काचेच्या कपाटावर आतून जुनी चादर लावलेली आणि दाराला नवे कोरे कुलूप.

“कपाटात काय आहे?” मी विचारले.

“काही नाही, पसारा,” मुलगी म्हणाली. “चहा टाकू?”

“पसाऱ्याला कुलूप?”

“बाबा, तुम्ही जेवायला आलात की झडती घ्यायला?”

ती हसली, पण माझ्याकडे न बघता. लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हाही ती अशीच हसली होती. जेवताना जावई गप्प होते. हात धुवायला गेले ते बराच वेळ नळाशीच. नखे घासण्याचा आवाज मला येत होता. परतताना जिन्यात मी हिशेब जुळवून पाहिला: किल्ली, भुकटी, कुलूप, मौन. सगळे एकाच दिशेला बोट दाखवीत होते. झोप आली नाही. जावई गेले तर गेले, पण मुलीचे घर त्यांच्या पगारावर उभे होते.

बुधवारी दुपारी मी पुन्हा गेलो. खिशात टेप, विजेरी आणि बारीक तार. जावई सुट्टीवर बसवलेले, घरीच.

“कपाट उघडा,” मी सरळच म्हटले.

ते मुलीकडे बघत राहिले. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “उघडा. पण हसू नका.”

चादर बाजूला केली. वरच्या फळीला एक कडी ठोकली होती. तिच्यातून पांढरा सुळका लोंबत होता. खाली बाहुलीची असावी अशी इवलीशी गादी, आणि तिच्यावर दुसरा सुळका बसवलेला.

“हे काय आहे?”

“अभ्यास,” जावई म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “प्लास्टरचे केलेत. लोकांपुढे उभा राहिलो की माझी कडी जमिनीवर जाते आणि गादी छताला. गेल्या महिन्यात एका शाळेच्या बाईंनी सगळ्या वर्गादेखत चूक काढली.”

“मला विचारायचं होतं.”

“तुम्हाला? तुम्हीच शिकवलेलं विसरलो, हे तुम्हालाच सांगू?”

“त्यापेक्षा चोर ठरलेलं परवडलं त्यांना,” मुलगी म्हणाली.

तरीही मी तार काढली. लोंबत्या सुळक्याच्या मधून पाणी उतरते, म्हणून खऱ्याच्या पोटात बहुधा बारीक नळी सापडते. येथे तार आत जाईना. नख लावले तर प्लास्टर निघाले. साचा मूळ दगडावरून काढला असेल, अशी शंका होतीच, म्हणून टेप लावला. अडतीस सेंटीमीटर, तोही वाकडा.

“माप कुठून घेतलंत?”

“अंदाजाने.”

या एका उत्तरावर मी जन्मात पहिल्यांदा समाधान मानले.

मग सतरावा गेला कुठे? घरी येऊन मी मोजणीची मूळ वही काढली. छताची पातळी घेताना मोजकाठी उलटी धरून तिचे टोक छताला टेकवतात आणि ते वाचन वजाचिन्हासह लिहितात. जमिनीसाठी काठी सरळ, चिन्ह नाही. नोंदवही करताना मी वजा दिसले की स्टॅलॅक्टाइट, नाही तर स्टॅलॅग्माइट, असे उतरवत गेलो होतो. एक ते सोळा, सगळी वाचने छताची, सगळी वजा. सतराव्यालाही वजा.

मी आकडेमोड केली. छत आणि सुळक्याचे टोक यांत बेचाळीस सेंटीमीटर यायला हवे होते. दीड मीटरहून अधिक येत होते. वजाचिन्ह काढून पाहिले. जमिनीपासून नेमके बेचाळीस.

सोळा वेळा तीच रेघ ओढल्यावर हाताने सतराव्यांदा आपणहून ओढली होती.

गुरुवारी मी समितीला तिसऱ्या दालनात नेले. छत त्या जागी गुळगुळीत, तुटल्याची खूण नाही. त्याखाली जमिनीवर एक ओला, बुटका खांब उभा होता. टेप लावला: बेचाळीस आणि वर किंचित. जमिनीच्या यादीत तो नव्हताच, आणि यादीत नसलेल्या दगडाची कोणी चौकशी करत नाही.

“चूक माझी आहे,” मी म्हटले. “यांनी काहीही नेलेले नाही.”

जावई खांबाकडे बघत होते. “बाबा, म्हणजे तुमचीसुद्धा...”

“होय. तेही एकतीस वर्षे.”

बाईंनी जावयांकडून जमा करून घेतलेली किल्ली त्यांना परत दिली. मग मला विचारले, “उरलेल्या दोनशे अकरा नोंदींचं काय?”

“माझ्या अक्षरावर विसंबू नका. पुन्हा मोजू. काठी धरायला एक माणूस लागेल.”

सोमवारी आम्ही सुरुवात केली. सतरा नोंदी झाल्या. अठराव्याजवळ जावई काठी घेऊन थांबले.

“सरळ धरू की उलटी?”

उत्तर जिभेवर आले होते. मी विजेरी उचलून आधी वर पाहिले, मग खाली, आणि त्यानंतरच पेनाचे टोपण काढले.